रेल्वेमार्ग परिरक्षण : कामाच्या पाळ्या

लोहमार्गाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या काम व विश्रांतीच्या वेळा ठरविण्याची पद्धती. रूळ बदलणे, खडी भरणे इ. कामे दोन गाड्यांमधील अवधीत किंवा वाहतूक रोखून (ब्लॉक घेऊन) करावी लागत असल्याने पाळ्या वेळापत्रकाशी जुळवाव्या लागतात. गँगमनांचे काम सामान्यतः ‘सतत’ या वर्गात मोडते. १९८९ च्या रेल्वे अधिनियमानुसार अशा कामास दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्यास ५४ तासांची मर्यादा असून दर आठवड्यास किमान ३० तास सलग विश्रांती द्यावी लागते.

यवतमाळ जिल्ह्यात मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंदमापी मार्गावर गाड्या मोजक्याच असत. त्यामुळे दुरुस्तीस दिवसाउजेडी अवधी मिळे. वर्धा–नांदेड या नव्या रुंदमापी मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. त्यावरील वाहतूक वाढेल तसा हा अवधी आखून मिळवावा लागेल.

काळ्या कापशीच्या जमिनीवरील भराव पावसात खचण्याचा संभव असल्याने पावसाळ्यात रात्रीची गस्त ठेवतात. गस्तवाला दिवा व स्फोटक संकेत (फटाके) घेऊन ठरलेल्या टप्प्यात पायी फिरतो आणि धोका दिसताच गाडी थांबवितो. त्यालाच दिवसा गँगच्या कामास लावल्यास थकव्यामुळे भरावातील भेग नजरेतून निसटू शकते. म्हणून विश्रांती ही सवलत नसून सुरक्षिततेचाच भाग होय.