रस्त्यावरून लोपणारी वाहने

मोटारीचा कारखाना बंद पडला म्हणजे त्या मोटारीचे आयुष्य संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिच्या लोपाला तेव्हा कोठे प्रारंभ होतो. हा लोप पायरीपायरीने होत असल्यामुळे तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या संदर्भात दोन गाड्यांची तुलना उद्‌बोधक ठरेल. बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अँबॅसडरचे उत्पादन 2014 साली थांबले. तरीही कलकत्त्याच्या पिवळ्या टॅक्सींच्या रूपाने ती पुढे अनेक वर्षे धावत राहिली. मद्रासेत 1961 पासून बनू लागलेली स्टँडर्ड हेरल्ड मात्र पुढील दशकातच कारखान्यातून नाहीशी झाली आणि हळूहळू रस्त्यांवरूनही दिसेनाशी झाली. हा फरक केवळ यंत्राच्या मजबुतीचा नव्हे. तो संख्येचा आहे. ज्या गाडीला गिऱ्हाईक पुष्कळ, तिचे सुटे भाग बनवणे लहान कारखानदारालाही परवडते. ज्या गाड्या मुळातच थोड्या, त्यांच्यासाठी साचा कोण पाडणार?

मग मालकाला जुन्या बाजाराची वाट धरावी लागते. कलकत्त्याचा मलिक बाजार, मद्रासचे पुदुपेट, मुंबईचा चोर बाजार ही अशा शोधाची ठिकाणे. परंतु तेथे मिळणारा भाग बहुधा त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीतून काढलेला असतो. एक चालती राहावी म्हणून दुसरी मोडावी लागते. दुर्मिळ वाहने अशा रीतीने आपल्याच भाईबंदांवर जगतात, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर अधिकच दुर्मिळ होतात.

सुट्या भागांमागोमाग विद्या जाते. कार्ब्युरेटरच्या आवाजावरून दोष ओळखणारा मिस्त्री वृद्ध होतो. त्याच्या हाताखालच्या पोराला ते शिकून पोट भरण्याची आशा उरत नाही.

शेवटची पायरी कायद्याची. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. तिच्यामुळे 2003 साली नोंदलेली अखेरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. शहराची हवा आणि प्रवाशांची सुरक्षितता यांचा विचार करता असे निर्बंध अनाठायी म्हणता येणार नाहीत.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी केंद्र सरकारने 2021 साली स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. प्रदर्शने, रॅली यांसाठी ती बाहेर काढता येतात. नित्याच्या वापराला मात्र मनाई आहे. संग्राहकाच्या आवडीची गाडी त्यामुळे टिकेल. परंतु सामान्य कुटुंबाची साधी गाडी पन्नाशी गाठेपर्यंत जपणार कोण, हा प्रश्न उरतोच. दुर्मिळतेचे मोल समाजाला उशिरा कळते. तोवर तिचे भाग मोडीत गेलेले असतात, आणि ती दुरुस्त करणारा हातही थकलेला असतो.