सैनिकाची पाठ आणि जगाचा बाजार

आमच्या कॉलेजात एन. सी. सी.ची मुलं पाठीवर भरलेल्या पिशव्या घेऊन मैदानाला फेऱ्या मारतात. परवा त्यांतल्या एकाला मी सहज विचारलं, "काय रे, जड नाही होत?" तो म्हणाला, "सर, पहिल्या फेरीला नाही होत." सैनिकाच्या साधनसामग्रीचा आज जगभर जो प्रचंड बाजार भरला आहे, त्याचा विचार करताना हे उत्तर माझ्या मनात पुनःपुन्हा येतं.

सैनिकाचं ओझं हा प्रश्न तसा जुनाच. रोमन सेनापती मारियसच्या शिपायांना लोक 'मारियसची खेचरं' म्हणत, ती या ओझ्यामुळेच. १९५० साली मार्शल नावाच्या अमेरिकन लेखकाने या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ओझं शरीराच्या वजनाच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त नसावं, नाहीतर माणूस थकतो आणि थकलेला माणूस लवकर घाबरतो, असं त्याचं म्हणणं. आता पुढे काय झालं पाहा. २००३ साली अफगाणिस्तानात अमेरिकन पायदळाचं ओझं प्रत्यक्ष मोजण्यात आलं. लढताना सरासरी सुमारे २९ किलो, आणि लढाईच्या जागी चालत जाताना सुमारे ४६ किलो! म्हणजे विज्ञान पुढे गेलं, आणि ओझं मात्र वाढलं. असं का व्हावं?

कारण असं की प्रत्येक नवी वस्तू खरोखरच उपयोगाची असते. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी एक विलक्षण चिवट धागा शोधून काढला. शोध चालला होता मोटारीच्या टायरांसाठी. पण त्याच धाग्यापासून, म्हणजे केव्हलारपासून, पुढे शिरस्त्राणं आणि जाकिटं झाली. हा धागा तोफगोळ्याच्या कपच्या आणि पिस्तुलाची गोळी अडवतो. रायफलीची गोळी मात्र त्याला आवरत नाही. तिच्यासाठी जाकिटात चिनी मातीच्या जातीच्या, पण फार कठीण अशा पदार्थाची पट्टी घालावी लागते. गोळी पट्टीवर आपटून फुटते आणि मागचा धागा तिचे तुकडे झेलतो. अशा एका पट्टीचं वजन दोन-अडीच किलो, आणि पट्ट्या निदान दोन; एक छातीला, एक पाठीला.

रात्रीची दुर्बीण घ्या. चांदण्यांच्या अंधुक प्रकाशाचं रूपांतर ती विजेच्या कणांत करते, ते कण हजारो पटींनी वाढवते आणि मग पडद्यावर हिरवट चित्र उमटवते. अंधारात दिसणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं. पण तिला बॅटरी लागते. रेडिओला बॅटरी, दिशादर्शक यंत्राला बॅटरी. आणि वाटेत बॅटरी मिळण्याचं दुकान नाही, म्हणून जादा बॅटऱ्याही पाठीवरच!

आता बाजाराकडे वळू. मंडईत तुम्ही वांगी घेता तेव्हा उलटीसुलटी करून पाहता, कारण खाणार तुम्ही आणि पैसेही तुमचेच. या बाजारात मात्र घेणारं सरकार, पैसे देणारा करदाता आणि वापरणारा सैनिक असे तिघे निराळे. विकणाऱ्याची गाठ पडते ती पहिल्याशी. त्यामुळे कागदावर यादी जितकी लांब, तितकी वस्तू चांगली, असा समज सहज होतो.

अमेरिकेनेच 'लँड वॉरियर' नावाची योजना काढली. अंगावरच संगणक, डोळ्यांपुढे नकाशा. वर्षानुवर्षं खर्च झाला आणि २००७ साली तिचा निधी थांबला. तिच्यातून पुढे जी योजना निघाली, तिच्यात सैनिकाच्या हाती आला तो बाजारात मिळणाऱ्या जातीचा मोबाइल फोन! २०२१ साली त्याच देशाने मायक्रोसॉफ्टशी डोळ्यांवर लावायच्या चित्रदर्शक चष्म्यांचा करार केला. दहा वर्षांत २,२०० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा. पुढच्याच वर्षीच्या चाचणीत सैनिकांनी डोकेदुखी, मळमळ आणि डोळ्यांवरचा ताण यांच्या तक्रारी केल्या, आणि २०२५ साली ते काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं. 

म्हणून खरेदीच करू नये असं मात्र कोणी समजू नये. न घेण्याचीही किंमत असते. आपल्या सेनेसाठी १,८६,१३८ गोळीरोधक जाकिटांची मागणी २००९ साली पुढे आली. करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, ६३९ कोटी रुपयांचा. मधली नऊ वर्षं कागदांत गेली. सीमेवरच्या जवानाला ती कागदात मोजता येत नाहीत. शिवाय पैसे हाती असले म्हणून हवी ती वस्तू मिळतेच असंही नाही. रात्रीच्या दुर्बिणींसारख्या वस्तूंच्या निर्यातीवर अमेरिकेचे कडक निर्बंध आहेत. त्यांची गुपितं बाहेर दिल्याबद्दल तिथल्या एका बड्या कंपनीला २००७ साली १० कोटी डॉलर भरावे लागले.

तेव्हा आपलं आपण करणं याला पर्याय नाही. मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभा कवच' नावाचं जाकीट तयार केलं आहे. त्यात बोरॉन कार्बाइड हा अतिकठीण आणि वजनाला हलका पदार्थ वापरला आहे. ते बनवण्याची विद्या हैदराबादच्या मिश्र धातू निगम या सरकारी कारखान्याला देण्यात आली. धडपड आहे ती संरक्षण टिकवून वजन उतरवण्याची, आणि दिशा हीच बरोबर आहे.

वाचकहो, सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांतला एक मुलगा सैन्यात असतो. यापुढे वर्तमानपत्रात कोट्यवधींच्या खरेदीची बातमी वाचाल, तेव्हा आकड्यापाशी थांबू नका. ही वस्तू घेऊन एखादी तुकडी रात्रभर डोंगर चढली होती का, आणि उतरल्यावर तिला कोणी काही विचारलं का, एवढं विचारा. करदाता म्हणून तो आपला हक्क आहे, आणि पाठ आपल्याच मुलाची आहे.