सायकलला धक्का लागला? लगेच निघू नका

रविवारी जनावरांच्या बाजाराच्या गर्दीत सायकलला धक्का लागला, की ‘काही नाही झालं’ म्हणत आपण लगेच पेडल मारतो. तसं करू नका. आधी कडेला बसा. डोकं आपटलं असेल, गरगरत असेल तर 108 ला फोन करा. धक्का देणाऱ्या गाडीचा नंबर टिपून घ्या. मार लागला असेल तर मदत करणं आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं चालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

मग सायकल. पुढचं चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासलं, तर रिम आउट झालीय. चिमटा वाकला असेल तर चालवूच नका. अशाच धक्क्यानंतर माझ्या चिमट्याला केसाएवढी चीर होती. मिस्त्रींनी धूळ पुसल्यावर दिसली.

सायकलवर शाळेला जाणाऱ्या पोरांना हे आजच दाखवा.