दोन विहिरींमधील रेषा

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली १९७४ साली जे तेल सापडले, ते एखाद्या भूमिगत सरोवरात साचले असावे, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांचीही असते. वस्तुतः ‘मुंबई हाय’चे तेल मायोसीन काळातील चुनखडकाच्या सूक्ष्म रंध्रांत भरलेले असून, ‘एल-थ्री’ या नावाने ओळखला जाणारा तेथील मुख्य साठा चुनखडकाचे अनेक थर आणि त्यांच्या दरम्यान आलेले शेलचे, म्हणजे चिकणमातीच्या खडकाचे, पातळ पट्टे यांनी बनलेला आहे. या अंतर्रचनेचा नकाशा कसा सिद्ध होतो, हे एका भूवैज्ञानिकाच्या मेजाशी बसून पाहण्याचा योग मला आला.

विहिरीतून काढलेला आणि उभा चिरलेला खडकाचा गाभा, म्हणजे ‘कोअर’, अतिनील दिव्याखाली धरताच तेलाने भिजलेला भाग पिवळसर उजळला, आणि त्याला लागूनच असलेला घट्ट चुनखडक मात्र काळोखातच राहिला. एका वितीच्या अंतरात खडकाचा स्वभाव इतका पालटावा, याचे मला फार नवल वाटले. परंतु कोअर मोजक्याच विहिरींतून मिळतो. इतरत्र विहिरीत उपकरणे सोडून घेतलेल्या नोंदींच्या, म्हणजे ‘लॉग’च्या, लांबलचक पट्ट्यांवर भिस्त ठेवावी लागते. शेल आला की त्यांवरील गॅमा किरणांची रेषा उसळते. खारे पाणी विजेला वाट देते आणि तेल देत नाही, म्हणून तेल असलेल्या ठिकाणी विद्युतरोधाची रेषा चढते. शेजारच्या दोन विहिरींच्या पट्ट्या वरखाली सरकवीत ते गृहस्थ एकेका शेलची दुसरीकडे ओळख पटवीत होते.

दोन विहिरींमधला प्रदेश मात्र कोणीच पाहिलेला नसतो, आणि भूकंपीय लहरींना इतका पातळ पट्टा सहसा वेगळा दिसत नाही. तो सलग असेल, तर खालच्या थरात दाबलेले पाणी वरच्या थरातील तेलाला हलवू शकत नाही; तुटलेला असेल, तर तेच पाणी आडवाटेने उत्पादक विहिरीत शिरते. म्हणून नकाशावर हा पट्टा दाखविणारी ती एक रेषा माझ्या मते साऱ्या कामाचा गाभा होय, आणि ती ओढण्यापूर्वी त्यांनी विहिरींतील दाबाच्या नोंदींचे दप्तर मागविले: पट्ट्याच्या वरचा व खालचा दाब उत्पादनाबरोबर एकत्रच उतरत गेला असेल तर थर जोडलेले, एक उतरून दुसरा टिकला असेल तर मध्ये अडसर आहे. येथे वरचा दाब बराच उतरला होता, खालचा जवळजवळ मूळचाच होता. तेव्हा त्यांनी शेलची रेषा एका विहिरीपासून दुसरीपर्यंत अखंड ओढली आणि पुढच्या जोडीच्या पट्ट्या मेजावर घेतल्या.