घरातलं कॉकपिट – लेखांक ८ : सहा हजारांचं विमान घ्यावं का?

‘काका, फेनिक्स घेऊ का? बाबा म्हणतात, सहा हजारांत खेळणं?’

कर्वेनगरमधल्या एका वाचकाचा एवढाच निरोप. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, राजाराम पुलाच्या अलीकडे मित्रांबरोबर भाड्याचा फ्लॅट, सुटे भाग गोळा करून स्वतः जुळवलेला पीसी. असे प्रश्न या लेखमालेच्या पहिल्या आठवड्यापासून येत आहेत, फक्त विमानाचं नाव बदलतं. तेव्हा आज बाबांची शंका आणि मुलाची हौस, दोन्ही समोर ठेवून बोलू.

ज्यांनी मागचे लेख वाचलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर (२०२० किंवा २०२४ची आवृत्ती) घेतलं की त्यात काही विमानं आयती मिळतात. ती दिसायला देखणी आणि उडायला सोपी असतात, पण प्रवासी विमानांच्या आत शिरलं की बरीच बटणं नुसती रंगवलेली निघतात. म्हणून काही कंपन्या एकेक विमान वेगळं, ‘ॲड-ऑन’ म्हणून, बनवून विकतात. त्यांत सध्या दोन नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. एक फेनिक्सचं एअरबस ए३२० आणि दुसरं पीएमडीजीचं बोइंग ७३७. दोन्ही २०२२च्या मे महिन्यात बाजारात आली. फेनिक्सची किंमत पन्नास पौंडांच्या घरात, तर पीएमडीजीच्या ७३७-८००ची सत्तर-पंचाहत्तर डॉलर. कर आणि बँकेचा परकीय चलनाचा आकार (साधारण दोन ते साडेतीन टक्के) धरला की फेनिक्स सहा-साडेसहा हजारांच्या आसपास पडतं. त्यामुळे बाबांचा आकडा बरोबर आहे. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का, ते मात्र आधी बँकेच्या ॲपमध्ये बघून ठेवा. ऐन वेळी ‘डिक्लाइन्ड’ आलं की चिडचिड होते.

पैसे मोजून नेमकं मिळतं काय? सिममधल्या साध्या विमानात कंट्रोल आणि ई दाबलं की इंजिनं आपोआप सुरू होतात. आता फेनिक्सचं विमान पुण्यातल्या लोहगाव विमानतळाच्या एप्रनवर पूर्ण बंद अवस्थेत उभं करा. सिमवाले याला ‘कोल्ड अँड डार्क’ म्हणतात. डोक्यावरच्या पॅनेलवर आधी व्होल्टेज बघायचं आणि मग बॅटरी १ आणि २ चालू करायच्या. बाहेरची वीज जोडलेली असेल तर एक्सटर्नल पॉवरच्या बटणावर हिरवं ‘अव्हेल’ दिसतं. ते दाबल्यावर केबिन जागी होते. मग एडीआयआरएसचे तीन नॉब ‘नॅव्ह’वर न्यायचे. आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे विमानाला यातून कळतं आणि त्याला खरोखर काही मिनिटं लागतात. तेवढ्यात एमसीडीयू या विमानाच्या संगणकाच्या ‘इनिट’ पानावर उजवीकडच्या पहिल्या कीने व्हीएपीओ/व्हीआयडीपी भरायचं, म्हणजे पुणे ते दिल्ली. मग मार्ग, इंधन, वजनं, आणि शेवटी व्ही१, व्हीआर, व्ही२ हे उड्डाणाचे तीन वेग. एवढं होईस्तोवर अर्धा तास गेलेला असतो आणि विमान जागचं हललेलंही नसतं.

इंडिगोच्या विमानात पंखांजवळच्या सीटवर बसला असाल तर दुसरं इंजिन सुरू होताना पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज ऐकला असेल. शेजारचा प्रवासी हमखास दचकतो. तो पीटीयू. विमानात हिरवी, निळी आणि पिवळी अशा तीन हायड्रॉलिक प्रणाली असतात. त्यांतल्या हिरव्या आणि पिवळ्या प्रणालींच्या दाबात सुमारे ५०० पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला की हे यंत्र एकीची ताकद दुसरीला देतं, आणि दुसरं इंजिन सुरू होताना स्वतःची चाचणीही उरकून घेतं. चांगल्या ॲड-ऑनमध्ये हा आवाज ध्वनिफीत लावून आलेला नसतो. आत हायड्रॉलिक दाबाचं गणित चालू असतं, ते त्या आकड्यापाशी पोचलं की आवाज येतो. ‘स्टडी लेव्हल’ म्हणतात ते हेच. फेनिक्सने तर यासाठी स्वतः सगळं लिहिण्याऐवजी प्रोसिमच्या ए३२० प्रणालीचा पाया घेतला. घरात अख्खं कॉकपिट उभारणारे हौशी लोक हीच प्रणाली वापरतात. त्यामुळे फेनिक्सचा बराचसा भाग सिमच्या बाहेर, वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालतो. एक्सबॉक्सवर ते मिळत नाही याचं कारणही तेच.

इथपर्यंत वाचून ज्याचा हात कार्डाकडे गेला असेल त्याने जरा थांबावं.

पुण्याच्या आकाशात आज दिसतं काय? इंडिगोची ए३२० निओ आणि ए३२१ निओ, एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासाची ७३७ मॅक्स, स्पाइसजेट. आपल्या वाचकाला इंडिगोच्या निळ्या रंगात पुणे-दिल्ली उडायचं आहे, हे त्याने पुढच्या निरोपात सांगितलं. फेनिक्सचं ए३२० हे जुन्या पिढीचं, सीएफएम५६ किंवा आयएई व्ही२५०० इंजिनांचं विमान आहे. इंडिगोने २००६मध्ये व्ही२५०० इंजिनांच्या ए३२०नेच सुरुवात केली, म्हणजे इतिहास म्हणून ते बरोबर आहे. पण आज लोहगावला रोज उतरतात ती निओ. आणि निओ फुकट मिळतं. फ्लायबायवायर नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने ए३२० निओ मुक्त-स्रोत पद्धतीने, लीप इंजिनांसह बनवलं आहे. हायड्रॉलिक प्रणाली, पीटीयू, एमसीडीयू आणि वैमानिकाच्या टॅबलेटसारखं ईएफबी हे सगळं त्यात आहे. काही वर्षांपूर्वी असं काही फुकट मिळेल असं कुणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. आता त्याच गटाने ए३८०ही काढलं आहे.

एक्स-प्लेन १२ वापरणाऱ्यांनाही असाच फुकटचा लाभ आहे, फक्त तिथे तो बोइंगमध्ये. ‘झिबो’ नावाने ओळखलं जाणारं ७३७-८०० तिथे विनामूल्य मिळतं आणि खोलीच्या बाबतीत ते पैशाच्या विमानांशी भांडू शकतं. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात एअर इंडियाच्या ए३१०ने प्रवास केलाय त्यांच्यासाठी आणखी एक बातमी. इनिबिल्ड्सने बनवलेलं ए३१० मायक्रोसॉफ्टने आपल्या सिमच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, २०२२च्या नोव्हेंबरमध्ये, २०२०च्या आवृत्तीत फुकट घातलं. माझ्या पिढीच्या लोकांना दुसरं काही नको असतं.

मग पैसे द्यायचे ते कशासाठी? माझं मत असं की याचं उत्तर विमानात कमी आणि तुमच्या टेबलावर जास्त सापडतं. गेल्या आठवड्यात जॉयस्टिक पाहिल्या, तिथूनच हा धागा घेतो. एअरबसची साइडस्टिक म्हणजे खऱ्या विमानातही एक स्प्रिंगची काठीच आहे. हवेचा दाब हातात येत नाही, ट्रिम विमान स्वतः करतं. थ्रस्ट लिव्हरचंही तेच. उड्डाणानंतर त्या ‘क्लाइम्ब’च्या खाचेत ठेवल्या की उतरताना विमान ‘रिटार्ड, रिटार्ड’ म्हणेपर्यंत त्या तिथून हलत नाहीत. म्हणजे तुमच्या टेबलावरची दोन-तीन हजारांची जॉयस्टिक आणि तिचा स्थिर थ्रॉटल एअरबसच्या बऱ्यापैकी जवळ जातो.

७३७ उलट आहे. वेग बदलला की योकवरचा जोर बदलतो, अंगठ्याने ट्रिम करत राहावं लागतं, बाजूची ट्रिमची चाकं खडखडत फिरतात, आणि ऑटोथ्रॉटल लिव्हर स्वतः पुढे-मागे नेतो. घरच्या जॉयस्टिकमध्ये यातलं काहीच घडत नाही. शेवटच्या टप्प्यात ऑटोथ्रॉटल काढला की तुमची लिव्हर एकीकडे, विमानाची दुसरीकडे, आणि इंजिनाची ताकद एकदम उसळते किंवा पडते. पीएमडीजीने ७३७ उत्तमच बनवलंय, पण योक आणि चांगला थ्रॉटल नसेल तर त्यातली अर्धी किंमत टेबलावर वाया जाते.

पण बोइंगची गंमत वेगळीच, हेही सांगायला हवं. ७३७मध्ये केबिनच्या दाबासाठी दोन आकडे हाताने फिरवून भरावे लागतात. एक, किती उंचीवर उडणार, आणि दुसरा, जिथे उतरणार तिथली उंची. पुणे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फूट उंच, म्हणून परतीच्या उड्डाणात ‘लँड अल्ट’वर १९५० आणायचं. एअरबस हा आकडा मार्गाच्या माहितीतून स्वतः उचलतं. ज्याला हे हाताने फिरवण्यात मजा वाटते तो बोइंगचा माणूस, त्याला एअरबस कितीही चांगलं दिलं तरी चैन पडणार नाही. जेट एअरवेजच्या आठवणीत रमणारेही शेवटी पीएमडीजीच्या ७३७-८००कडेच येतात. कंपनी १७ एप्रिल २०१९ला थांबली, पण तिचे पिवळे-निळे रंग सिममध्ये अजून उडताहेत. अकासाचं मॅक्स हवं असेल तर मात्र पीएमडीजी नाही, आयफ्लायचं मॅक्स ८ बघायला हवं. आणि ७७७? पुण्याची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, ७७७ पूर्ण भरून इथून निघणार नाही. मुंबईहून न्यूयॉर्क पंधरा तासांच्या पुढे. हा छंद निवृत्त माणसाने किंवा झोप न येणाऱ्याने करावा.

पैशापेक्षा वेळ महाग आहे, आणि खरेदी करताना तोच कुणी मोजत नाही. साधारण पुणे-गोवा घ्या. तयारी अर्धा तास, उड्डाण पाऊण तास, उतरून विमान बंद करणं दहा मिनिटं. म्हणजे दीड तास सलग, मधे दार वाजायला नको. (संध्याकाळी कर्वेनगरहून लोहगावच्या खऱ्या विमानतळावर पोचायलाही साधारण तेवढाच वेळ जातो, तो भाग निराळा.) ज्याला रोज रात्री पंचेचाळीस मिनिटं मिळतात त्याच्यासाठी असलं विमान म्हणजे अर्धवट सुटलेल्या उड्डाणांचा ढीग. त्याने साधी सेसना घेऊन खडकवासल्यावरून सिंहगडाला वळसा मारून यावं, जास्त आनंद मिळेल. शिवाय पुण्यातला गुरुवार. पाणी नाही हे गृहीतच असतं, पण महावितरणची देखभालही अनेकदा त्याच दिवशी निघते. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीला जेमतेम बंद करण्याइतका वेळ देतो, उड्डाण पुरं करण्याइतका नाही.

संगणकाची भूकही बघा. सिमच्या २०२४च्या आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्ट १६ जीबी रॅम किमान आणि ३२ जीबी शिफारशीत सांगतं, आणि त्यावर असं जड विमान चढतं. १६ जीबीवर लोहगावहून सुरळीत उडालेलं विमान दिल्लीच्या गर्दीच्या विमानतळावर उतरताना अडखळतं. अशा वेळी सहा हजार विमानात घालण्याऐवजी रॅममध्ये घातले तर सगळीच विमानं सुधारतात.

आणखी एक छुपी गोष्ट. विमानाच्या संगणकातली मार्गांची माहिती दर २८ दिवसांनी बदलते. पैशाच्या विमानांबरोबर एक संच येतो, पुढे ताजं ठेवायचं तर नेव्हिग्राफची वर्गणी. ती नसली तरी काही अडत नाही. जुन्या माहितीवर एकट्याने मजेत उडता येतं, आणि सिमब्रीफवर उड्डाणाचा आराखडा फुकट मिळतो.

आयुष्यभराची खरेदी म्हणून याकडे बघू नका. पीएमडीजीचं ७३७ लोकांनी २०११मध्ये एफएसएक्स या जुन्या सिमसाठी घेतलं, २०१९मध्ये प्रीपार-थ्रीडीसाठी घेतलं, आणि २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिमसाठी पुन्हा. सिम बदललं की विमान मागे राहतं.

आणि जर कुणी वैमानिक व्हायच्या विचाराने घेत असेल, तर डीजीसीए घरच्या सिमचा एकही तास लॉगबुकात धरत नाही. व्यावसायिक परवान्याला २०० तास खरं उड्डाण लागतं, आणि त्याची सुरुवात बारामतीसारख्या ठिकाणी एका इंजिनाच्या छोट्या विमानात होते, ए३२०मध्ये नाही.

तर कर्वेनगरच्या मित्रा, माझा निकाल असा. आत्ता घेऊ नकोस. फ्लायबायवायरचं निओ उतरवून घे, इंडिगोचे रंग चढव, आणि पुणे-दिल्ली, पुणे-बंगळुरू ही उड्डाणं कोल्ड अँड डार्कपासून इंजिनं बंद करेपर्यंत पुरी कर, मधे वेळ पुढे न ढकलता. परीक्षा संपल्यावरही तुझं मन तिथेच असेल आणि ‘याच्यात अमुक एक गोष्ट नाही’ असं तुला नेमकं बोट ठेवून सांगता आलं, तर फेनिक्स घे, बाबांना मी समजावतो. तुझ्या जॉयस्टिकवर ७३७ मात्र घेऊ नकोस.

पुढच्या आठवड्यात व्हॅटसिम, म्हणजे खऱ्या माणसांनी चालवलेलं एटीसी. प्रश्न पाठवताना रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं आणि संध्याकाळी किती वेळ सलग मिळतो, एवढं तरी नक्की लिहा.