दाद आणि बीदाद

इराणच्या सरकारी दूरचित्रवाणीवर संगीत ऐकू येतं, वाद्य मात्र दिसत नाही. वादकाची बोटं तारेपाशी जायच्या आत पडद्यावर फुलं डोलू लागतात, नाहीतर झरा वाहू लागतो. १९७९च्या क्रांतीनंतरचा हा शिरस्ता. इराणी संगीतकार हुसेन अलिझादे यांचं चित्रपटसंगीत ऐकताना तो माझ्या मनातून जात नाही.

अलिझादे यांचा जन्म तेहरानचा, १९५१चा. वाद्यं तार आणि सेतार. सेतार म्हणजे तीन तारा. चौथी मागाहून जोडली गेली, पण नाव बदललं नाही. सेतार तर्जनीच्या नखानं छेडतात, त्यामुळे आवाज इतका नाजूक की वाजवणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून ऐकावा. इराणी शास्त्रीय संगीतातल्या सात मुख्य स्वरव्यवस्था, म्हणजे दस्तगाह, पाच उपव्यवस्था, म्हणजे ‘आवाज’, आणि त्यांतल्या शेकडो छोट्या सुरावटी, म्हणजे गुशे, ही सगळी ठेव गुरूसमोर बसून मुखोद्गत करायची. आपल्याकडच्या तालमीहून हे फार वेगळं नाही.

सप्टेंबर १९७८मध्ये तेहरानच्या झाले चौकात सैन्यानं जमावावर गोळ्या झाडल्या. निषेध म्हणून अनेक कलावंत रेडिओ सोडून बाहेर पडले. त्यांतून ‘चावोश’ हे संगीतमंडळ उभं राहिलं आणि त्याच्या ध्वनिफिती घरोघरी पोचल्या. अलिझादे त्या मंडळींतले. १९८३मध्ये, इराकशी युद्ध चालू असताना, त्यांनी बासरीच्या जातीची ‘नेय’ आणि पाश्चात्त्य तंतुवाद्यांचा ताफा यांसाठी ‘नेयनवा’ रचलं. व्हायोलिनं नेयला झाकत नाहीत, तिच्या श्वासाला जागा करून देतात. पुढची चित्रपटांची वाट मला इथेच दिसते.

दिग्दर्शक अली हातमींच्या ‘देलशोदेगान’ या चित्रपटात (१९९२) काजार राजवटीच्या काळातले वादक ध्वनिमुद्रणासाठी पॅरिसला जातात. संगीत अलिझादेंचं, गळा मोहम्मद रझा शजरियान यांचा. घरातल्या पडद्यावर जी वाद्यं दिसत नव्हती, ती इथे कथेच्या केंद्रस्थानी आली. मखमलबाफ यांच्या ‘गब्बे’त (१९९६) भटक्या कश्काई जमातीची तरुणी गालिच्यातूनच बाहेर येते. दूरवरून तिचा प्रियकर लांडग्यासारखी हाळी देतो, आणि त्या हाळीशेजारी अलिझादेंचं संगीत नांदतं.

त्यांची खरी कसोटी मात्र बहमन घोबादींच्या कुर्दी चित्रपटांत लागली, असं मला वाटतं. ‘ए टाइम फॉर ड्रंकन हॉर्सेस’मध्ये (२०००) खेचरांना थंडी सोसावी म्हणून दारू पाजतात आणि पोरकी मुलं सीमेवरून माल वाहतात. ‘टर्टल्स कॅन फ्लाय’मधली (२००४) मुलं पुरलेले सुरुंग उकरून विकतात. अशा दृश्यांवर करुण सूर ओतणं सोपं असतं. अलिझादे तो मोह टाळतात. मुलांच्या वाट्याचं दुःख ते मुलांकडेच राहू देतात.

माहूर दस्तगाहातला ‘दाद’ आणि हुमायून दस्तगाहातला ‘बीदाद’ हे दोन गुशे जोडून त्यांनी ‘दाद-ओ-बीदाद’ ही नवी स्वरयोजना घडवली. दाद म्हणजे न्याय, बीदाद म्हणजे अन्याय. मराठीत ‘दाद’ हा फारसी शब्द दोन कामं करतो: आपण न्यायासाठी दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. अलिझादेंच्या वादनात हे दोन्ही अर्थ मला एकत्र ऐकू येतात.

२०१४मध्ये फ्रान्सनं त्यांना लीजन ऑफ ऑनर देऊ केला. त्यांनी आभार मानले आणि नकार कळवला. इराणच्या कलाप्रेमी लोकांच्या आदराखातर आपण ‘हुसेन अलिझादे’ एवढ्याच नावावर समाधानी राहू, अखेरपर्यंत त्याच्या मागेपुढे काहीही जोडणार नाही, असं त्यांनी लिहिलं.