जुन्या रॉक कॉन्सर्टमधला गायक माझ्या फोनवर गायब का झाला? ५.१ मिक्सची गोष्ट

मागच्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. घर बदलायची तयारी चालली होती आणि कपाटातून डीव्हीडींचे दोन खोके निघाले. पिंक फ्लॉइड, ईगल्स, लेड झेपलिन, सगळ्या जुन्या रॉक कॉन्सर्ट. मामा म्हणाला, "रद्दीवाल्याला देऊ का रे? तुमचं तर आता सगळं फोनवरच असतं."

मी हो म्हणणारच होतो. कारण त्यातल्याच एका डिस्कची कॉपी मी त्याच्या लॅपटॉपवरून फोनमध्ये घेऊन ऐकली होती आणि ती अगदीच भिकार वाटली होती. गिटार वाजतेय, लोक ओरडतायत, पण गायक मात्र शेजारच्या खोलीतून गातोय असं वाटत होतं. मी सांगून टाकलं, "मामा, रेकॉर्डिंगच खराब आहे."

मामाने काही न बोलता तीच डिस्क प्लेअरला लावली. पाच स्पीकर, एक सबवूफर. गायक बरोबर समोर उभा, आवाज एकदम स्वच्छ. म्हणजे रेकॉर्डिंग ठीकच होतं, घोळ माझ्या फोनमधल्या प्लेअरचा होता. नेमकं काय झालं होतं ते समजून घेऊया, कारण हे तुमच्याही फोनवर होऊ शकतं.

५.१ म्हणजे काय?

साध्या स्टीरिओ गाण्यात दोन चॅनल असतात, डावा आणि उजवा. ५.१ मध्ये सहा असतात: समोर डावा, समोर उजवा, मधला म्हणजे सेंटर, मागे डावा, मागे उजवा आणि सहावा फक्त खोल बेससाठी. या सहाव्यात साधारण १२० हर्ट्झच्या खालचेच आवाज जातात, म्हणून त्याला पूर्ण चॅनल न म्हणता '.१' म्हणतात.

सेंटरमध्ये बहुतेक वेळा काय ठेवतात? गायकाचा आवाज. आता माझ्या इअरफोनला दोनच बाजू. प्लेअरने सहा चॅनल नीट मिसळून दोनात बसवायला हवे होते. याला डाउनमिक्स म्हणतात. त्यात सेंटरचा आवाज थोडा कमी करून डाव्या-उजव्या दोन्हींत मिसळतात, मागचे आवाजही तसेच आपापल्या बाजूला घालतात. माझ्या प्लेअरने हे केलंच नाही. समोरचे दोन चॅनल घेतले आणि बाकीचे सोडून दिले. सेंटर गेला, त्याच्यासोबत गायकही गेला. जे थोडंफार ऐकू येत होतं, ते ड्रमच्या आणि इतर माइकमध्ये शिरलेला त्याचा आवाज आणि बाजूच्या चॅनलमध्ये सोडलेला इको.

कॉन्सर्ट ५.१ मध्ये कशी बसवतात?

मोठ्या कॉन्सर्टमध्ये स्टेजवरच्या प्रत्येक माइकचा सिग्नल दोन ठिकाणी जातो. एक हॉलच्या स्पीकरकडे, दुसरा रेकॉर्डिंगकडे. तिथे गायक, बेस, गिटार, ड्रमचा प्रत्येक भाग वेगवेगळ्या ट्रॅकवर साठवतात. याला मल्टीट्रॅक म्हणतात. शिवाय काही माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेले असतात.

पुढे कितीही वर्षांनी हे मल्टीट्रॅक काढून नवीन मिक्स करता येतो, पण त्यात एक गंमतशीर अडचण आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. प्रेक्षकांतला माइक स्टेजपासून ३४ मीटरवर असेल, तर त्याच्यात गाणं एक दशांश सेकंद उशिरा पोचतं. दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. म्हणून इंजिनिअर प्रेक्षकांचा ट्रॅक तेवढा पुढे सरकवून जुळवून घेतात. हे नीट जमलं की टाळ्या मागून येतात आणि गाणं मात्र घट्ट राहतं.

जुन्या टेपची आणखी एक डोकेदुखी असते. १९७० च्या दशकातल्या बऱ्याच टेपवरचा चिकट थर हवेतला ओलावा शोषून सुटायला लागतो. अशी टेप थेट वाजवली तर थर खरवडून निघतो आणि रेकॉर्डिंग कायमचं जातं. त्यावर उपाय म्हणजे टेप साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला तासन्‌तास शेकायची आणि लगेच डिजिटल कॉपी करून घ्यायची. हो, अक्षरशः शेकायची!

मागच्या स्पीकरमध्ये काय ठेवायचं?

खरा वाद इथे आहे. कॉन्सर्टमध्ये बँड समोर असतो, मागे फक्त लोक. मग मागून गिटार वाजवणं बरोबर की चूक?

पहिली पद्धत प्रेक्षकात बसवायची. संगीत मुख्यतः समोर, मागून टाळ्या आणि हॉलचा घुमारा. ईगल्सच्या १९९४ च्या 'हेल फ्रीझेस ओव्हर'ची डीव्हीडी आठवून मामाचे डोळे अजून चमकतात. त्यातलं 'हॉटेल कॅलिफोर्निया' डीटीएस आवाजात जगभरातल्या होम थिएटरच्या दुकानांत डेमो म्हणून वाजायचं.

दुसरी पद्धत आवाज तुमच्या चारी बाजूंनी फिरवायची. पिंक फ्लॉइडच्या बाबतीत ही ओढूनताणून केलेली करामत नाही, कारण ते खरोखरच तसं वाजवायचे. १२ मे १९६७ ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी जॉयस्टिकसारख्या दांड्याने आवाज हॉलभर फिरवला होता. त्या यंत्राचं नाव होतं ॲझिमथ को-ऑर्डिनेटर. म्हणूनच त्यांच्या 'पल्स' या १९९४ च्या लंडनमधल्या कॉन्सर्टची डीव्हीडी २००६ मध्ये जेम्स गथ्रीच्या ५.१ मिक्ससह आली, तेव्हा मागचे स्पीकर नुसते टाळ्यांसाठी नव्हते.

आणि प्रेक्षकच नसतील तर? ऑक्टोबर १९७१ मध्ये याच बँडने इटलीतल्या पॉम्पेईच्या प्राचीन रोमन रंगमंडलात रिकाम्या जागेत वाजवून चित्रीकरण केलं. मागे ना टाळ्या, ना आरडाओरडा. २०२५ मध्ये स्टीव्हन विल्सनने या फिल्मचा नवा ५.१ आणि ॲटमॉस मिक्स केला. इथे मिक्स करणाऱ्याला गर्दीचा आधारच नाही, भोवतालचा अवकाश संगीतातूनच उभा करावा लागतो.

डिस्कवर असं काय आहे जे फोनवर नाही?

पहिली गोष्ट म्हणजे डेटा. सीडीच्या स्टीरिओला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलमध्ये सहाही चॅनल ४४८ किलोबिटच्या आसपास कोंबलेले असतात. डीटीएसला जास्त जागा मिळते, ७६८ किंवा साधारण १५०९. ब्लू-रेवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असेल तर काहीच न गाळता मूळ मिक्स जसाच्या तसा मिळतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फोनवर हेडफोन लावून यूट्यूब ऐकता तेव्हा तुम्हाला दोनच चॅनल मिळतात. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनकडेही फोन दोनच चॅनल पाठवतो. म्हणजे व्हिडिओ तोच, गाणं तेच, पण तो ५.१ मिक्स तिथे नसतो. काही कॉन्सर्टचे असे मिक्स आजही मुख्यतः डिस्कवरच सापडतात.

मग ॲटमॉसचं काय? खऱ्या ॲटमॉस मिक्समध्ये आवाज कुठून यायला हवा याची माहिती सोबत असते. तुमच्या दोन कानांपर्यंत आवाज कसा पोचेल याचा हिशेब करून फोन तो दोन चॅनलमध्ये उतरवतो. चांगला मिक्स असेल तर हेडफोनवरही छान वाटतं. १९८३ मध्ये चित्रित झालेल्या टॉकिंग हेड्सच्या 'स्टॉप मेकिंग सेन्स'चा असा नवा मिक्स २०२३ मध्ये आला आणि तो करणाऱ्यांत बँडमधलाच जेरी हॅरिसन होता.

पण सेटिंगमधलं ॲटमॉसचं बटण चालू केलं म्हणजे साधं स्टीरिओ गाणं ॲटमॉस होत नाही. तो फक्त इफेक्ट असतो. '८डी ऑडिओ' नावाचे व्हिडिओ तर बहुतेकदा स्टीरिओ गाणंच डावीकडून उजवीकडे फिरवून, वर इको घालून बनवलेले असतात. मल्टीट्रॅकशी त्यांचा काही संबंध नसतो.

तुम्ही काय करू शकता?

१. फाईलची माहिती उघडून चॅनल बघा. २ म्हणजे स्टीरिओ, ६ म्हणजे ५.१.

२. इअरफोनवर ऐकत असाल तर ऑडिओ मेनूतून स्टीरिओ ट्रॅक निवडा. बऱ्याच कॉन्सर्ट डिस्कवर तो वेगळा दिलेला असतो आणि दोन कानांसाठी तोच योग्य.

३. आवाज अजिबातच येत नसेल तर ट्रॅक डीटीएस असू शकतो. तो काही फोन प्लेअरना वाजवता येत नाही. व्हीएलसीसारखं ॲप वापरून बघा.

४. टीव्हीला साउंडबार जोडताना २.१ आणि ५.१ मधला फरक बघून घ्या. २.१ मध्ये मागचे स्पीकर नसतातच.

५. रिमास्टर आणि रीमिक्स एक नव्हे. रिमास्टर म्हणजे तयार मिक्सचीच डागडुजी. खरा ५.१ हवा असेल तर कव्हरवर नवा मिक्स कोणी केला, मल्टीट्रॅकवरून केला का, ते शोधा.

आणि ते खोके?

रद्दीवाला आला तेव्हा मामाने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "मामा, जुनी मासिकं दे. डिस्क माझ्या खोलीत ठेवतो."

माझ्याकडे पाच स्पीकर नाहीत, आहे तो एक जुना डीव्हीडी प्लेअर आणि इअरफोन. सध्या स्टीरिओ ट्रॅकवरच भागवतोय. पण पुढे कधी स्पीकर घेतले तर लावायला मिक्स तरी शिल्लक हवा ना? तुमच्याही घरात माळ्यावर असा एखादा खोका असेल, तर फेकण्याआधी एकदा कव्हर उलटून मागे काय लिहिलंय ते वाचा.